नोकरी सांभाळून तीन वर्षांचं एलएलबी: तीन सेमिस्टरनंतरचा अनुभव

हे कोणासाठी लिहितेय ते आधी सांगते. वय चाळिशीच्या मागेपुढे, हातात कुठलीतरी जुनी पदवी, डोक्यावर घराचा हप्ता, नोकरी सोडायची सोय नाही आणि तरी कायदा शिकायचाय, अशांसाठी. मी त्यातलीच. जिल्ह्याच्या गावी एका पतसंस्थेत वसुली विभागात आहे. रोज टेबलावर चेक न वटल्याच्या, म्हणजे कलम १३८ च्या नोटिसा, सहकार कायद्याच्या कलम १०१ चे वसुली दाखले, जप्तीचे पंचनामे. वकीलसाहेब मागतील ते कागद जुळवून द्यायचे आणि ते म्हणतील तिथे साहेबांची सही घ्यायची, यात बरीच वर्षं गेली. आपण पाठवतोय त्या कागदात नेमकं काय लिहिलंय हे समजावं, एवढ्यासाठी २०२४ मध्ये प्रवेश घेतला. आता तिसरं सेमिस्टर पार पडलंय, म्हणजे बरंवाईट सांगण्याइतका वापर झाला.

प्रवेशाचं फार कौतुक नको, ते वाटतं तितकं अवघड नाही. खुल्या गटाला पदवीला ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० लागतात. वयाचं विचाराल तर वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम करणाऱ्या बार कौन्सिलने २०१६ मध्ये तीस वर्षांची अट परत आणली होती, तिला मार्च २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. आमच्या वर्गात निवृत्त हवालदार आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात आणि फौजदारीच्या तासाला सरही त्यांच्याकडे बघून बोलतात. सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, मी दिली तेव्हा दीडशे प्रश्न आणि दोन तास होते. २०२५ पासून प्रश्न एकशेवीस झालेत. चुकीला गुण कापत नाहीत, पेपर मराठीतूनही असतो. इंग्रजीचा भाग मात्र इंग्रजीतच आणि तोच सगळ्यात मोठा. वर्षानुवर्षं कर्जदारांशी मराठीत भांडलेल्या माणसाचा घाम तिथे निघतो. मार्चमध्ये परीक्षा झाली आणि वर्ग सुरू व्हायला दिवाळी उजाडली. मधल्या काळात कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म, प्रवेशाचे राउंड, कागदपत्र पडताळणी, आणि वीस वर्षांपूर्वीचा शाळा सोडल्याचा दाखला शोधणं.

आता फी. सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. अनुदानित कॉलेज मिळालं तर फी इतकी कमी की मुलांच्या क्लासची फी भरणाऱ्याला हसू येईल. विनाअनुदानित असेल तर आकडा एकदम वर जातो, पण तो कॉलेजच्या मर्जीवर नसतो. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजवार बघता येते. ऑप्शन फॉर्म भरण्याआधी ती यादी उघडा. काउंटरवर 'डेव्हलपमेंट', 'लायब्ररी', 'इतर' असे रकाने वाढलेले दिसले, तर निदान विचारायला तोंड राहतं. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. शिवाय उत्पन्नाच्या त्याच अटीवर जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. ह्या सवलती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांसाठी आहेत. ज्यांनी 'कशाला राउंडची वाट बघायची' म्हणून मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली, त्यांनी पैसे जास्त भरले आणि सवलतीलाही मुकले.

म्हणजे पैशाच्या बाबतीत हा अभ्यासक्रम नोकरदाराला खरंच परवडतो. कंबर मोडते ती वेळेने.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत आठवड्याला किमान तीस तास अध्यापन आणि त्यात चोवीस तास व्याख्यानं, असं लिहिलंय. हजेरी प्रत्येक विषयात सत्तर टक्के. खास कारण असेल तर एकूण पासष्टपर्यंत सूट. तीसचे सत्तर टक्के म्हणजे आठवड्याला एकवीस तास. नोकरी आठ तासांची, जाण्यायेण्यात एक-दीड, वर हे. वर्ग भरायचे ते सकाळी आठ ते संध्याकाळी सात ह्या वेळेतच, म्हणजे पूर्वी लोक ऑफिस सुटल्यावर रात्री वर्गाला बसायचे तो रस्ता बंद. राहतं सकाळचं कॉलेज. आमचं आठला सुरू होतं आणि मुख्य तास अकराच्या आसपास संपतात. ट्युटोरियल आणि मूट, म्हणजे सरावाचे खटले, वेळापत्रकात दुपारी टाकलेले आहेत. दुपारी वर्गात कोण बसतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि सेमिस्टरअखेर कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागली की त्यात कोणाची नावं असतात तेही.

माझा प्रवेश झाला त्याच सुमारास, सप्टेंबर २०२४ मध्ये, बार कौन्सिलचं परिपत्रक आलं. बायोमेट्रिक हजेरी लावा, कॅमेरे बसवा, आणि विद्यार्थी कुठे नोकरी करत असेल तर त्याने ते जाहीर करून मालकाचं ना-हरकत द्यावं. वर्गात चुळबुळ झाली. एका खासगी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी घरी सोडून कुठेच सांगितलेलं नव्हतं की त्या कायदा शिकतात. डॉक्टरांना कळलं तर आधी 'आता ही आपल्यावर केस करणार' असंच वाटेल, असं त्यांचं म्हणणं. मला ना-हरकत मिळालं, कारण आमच्या चेअरमनसाहेबांना फुकटात वकील मिळाल्यासारखं वाटलं. अकरा ऐवजी साडेअकराला आले तर चालेल, पण संध्याकाळी अर्धा तास जास्त, अशा बोलीवर. महिनाअखेरीच्या वसुलीला ही बोली दोन्ही बाजूंनी मोडते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हजेरी कमी आहे म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसण्यापासून अडवू नये, असा निकाल दिला. परीक्षेला बसू न दिलेल्या एका विद्यार्थ्याच्या २०१६ मधल्या आत्महत्येवरून ते प्रकरण उभं राहिलं होतं. आमच्या ग्रुपवर तो निकाल दिवसभर फिरला. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसबाहेरच्या मशीनवर अंगठ्यासाठी रांग होतीच.

माझं मत विचाराल तर हजेरी हवी. कायदा नुसता गाईडवर पास होता येतो, आणि तसे पास झालेले वकील मी कोर्टात रोज बघते. पण कमावत्या माणसाला शिकवायचं तर घड्याळ त्याच्या बाजूने लावावं लागतं, हे ह्या राज्याला नवं नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, ते नोकरी करून शिकणाऱ्यांना जमावं म्हणून सकाळच्या वेळेत. गिरणगावातल्या रात्रशाळा तर त्याच्याही आधीपासूनच्या. आज शनिवार-रविवारी सलग तास घ्या, ट्युटोरियल ऑनलाइन घ्या, हजेरी तीच ठेवा, असं म्हटलं की उत्तर येतं, नियमात बसत नाही. आणि 'घरबसल्या एलएलबी' अशा जाहिराती मात्र मोबाईलवर रोज. त्यांच्या नादी लागू नका. दूरशिक्षणातून घेतलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. नुसतं ज्ञान हवं असेल तर कामगार कायदे किंवा कर यांचे वर्षाचे डिप्लोमा जास्त कामाचे.

पुस्तकांचा खर्च बराच वाचवता येतो, पण इथे एक गंमत झाली. सिनियर लोकांची जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत घ्यायची ही रीत. कुणी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून गठ्ठाच आणतं. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा एकदम बदलले, आणि त्या विषयांची जुनी पुस्तकं रद्दीच्या भावात गेली. दंड संहितेच्या ५११ कलमांच्या जागी नव्या भारतीय न्याय संहितेची ३५८ कलमं. खुनाचं ३०२ आता १०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८. सर अजून बोलताना तीनशे दोनच म्हणतात, काका तर सवयीने सगळंच जुनं म्हणतात. त्यात १ जुलैच्या आधीच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू, म्हणजे दोन्ही येणं भाग. १८७२ चा करार कायदा, १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता जुनी घेतली तरी चालतात, दुरुस्त्या तेवढ्या बघून घ्यायच्या.

बाकी बरंच फुकट आहे. इंडिया कोडवर मूळ कायदे, ई-एससीआरवर सुप्रीम कोर्टाचे निकाल. त्यातले काही मराठीतही मिळतात. भाषांतर कधी कधी असं असतं की मूळ इंग्रजी वाचल्यावर मराठी कळतं, पण रात्री दहानंतर डोळे मिटत असताना निकालाचा सारांश तरी हाती लागतो. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाची सुनावणी २०२२ पासून थेट बघता येते. मी ती भांडी घासताना ऐकते. आमच्या वर्गातला महावितरणचा वायरमन सगळी कलमं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून मोटारसायकलवर ऐकतो. त्याला एकदाही एटीकेटी लागलेली नाही.

ज्याचा विचार प्रवेश घेताना कोणी करत नाही ती इंटर्नशिप. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे, आणि सलग चारपेक्षा जास्त नाहीत. नोकरदाराने बारा आठवडे आणायचे कुठून? अर्जित रजा आजारपणासाठी आणि गावच्या जत्रेसाठी शिल्लक ठेवलेली असते. लोक ओळखीच्या वकिलाकडून सर्टिफिकेट आणतात, हे उघड गुपित आहे. मी संस्थेच्याच वकीलसाहेबांकडे सुट्टीच्या दिवशी आणि कोर्टाच्या तारखांना जाते. तारखांना तशीही संस्थेतर्फे हजर असतेच. पतसंस्थेत असण्याचा तेवढा फायदा. नर्सबाईंना तो नाही, त्यांनी रजा बिनपगारी घेतली. त्यांची खरी फी तिथे गेली, कॉलेजच्या पावतीवर ती कुठेच दिसणार नाही.

आणि शेवटी सनदेचं. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वकील कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क राज्य बार कौन्सिलला घेता येणार नाही, म्हणजे खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. त्याआधी हाच आकडा हजारोंत जायचा. पण पूर्ण वेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही, हा बार कौन्सिलचा ४९ वा नियम आहे. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर मे २०२५ पासून दिवाणी न्यायाधीश पदाच्या परीक्षेला आधी तीन वर्षांची वकिली लागते. काकांना पेन्शन आहे, ते सनद घेणार. वायरमन नोकरी सोडणार नाही. मी हप्ता फिटेपर्यंत नाही.

तोपर्यंत चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, मिळाल्यापासून पंधरा दिवस पैसे भरायला, त्यानंतर महिन्याच्या आत तक्रार, ही १३८ ची गणितं आता माझी मीच मांडते. मागच्या महिन्यात वकीलसाहेबांनी मसुदा परत पाठवला तो एक स्वल्पविराम बदलून. चौथ्या सेमिस्टरची फी भरली आहे. साडेअकराची बोली पुढच्या वर्षी टिकेल की नाही, ते संचालक मंडळाच्या निवडणुकीवर आहे.