जुन्या कागदांची दुरुस्ती करणारे सिटी चौकाजवळचे दुकान

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात, सिटी चौकाजवळच्या एका गल्लीत पोथ्या, मोडी कागद, उर्दू-फारसी दस्त आणि जुन्या खातेवह्या दुरुस्त करून देणारे एक लहान जिल्दसाजीचे, म्हणजे पुस्तकबांधणीचे, दुकान आहे. मालकांना जाहिरात नको असल्यामुळे दुकानाचे नाव येथे देत नाही. मी त्यांच्याकडे दिलेले काम त्यांच्या नेहमीच्या कामापेक्षा वेगळे होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मिलिशियाची, म्हणजे नागरिकांतून उभारलेल्या फौजेची, १८१० च्या दशकातील शस्त्रतपासणीची काही पत्रके मला जतन करून घ्यायची होती.

या पत्रकांच्या मुळाशी ८ मे १७९२ चा अमेरिकी कायदा आहे. त्यानुसार १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र गोऱ्या पुरुषाने मिलिशियात नाव नोंदवणे आणि सहा महिन्यांच्या आत स्वतःच्या खर्चाने चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणारी) बंदूक, संगीन, दोन जादा गारगोट्या, पाठपिशवी आणि किमान २४ काडतुसे मावतील अशी पेटी जमवणे बंधनकारक होते. कर्जापोटी हे साहित्य जप्त करता येत नसे. आपल्याकडे शेतकऱ्याची औजारे जप्तीतून वगळलेली असतात, त्यामागेही असाच विचार आहे. कायदा झाला तरी प्रत्येकाकडे सगळे साहित्य होतेच असे नाही, आणि तपासणीची पत्रके वाचनीय होतात ती याच कारणाने. नावांपुढे बंदूक, संगीन, गज, गारगोट्या आणि बंदुकीचा कान (दारू पेटवण्याचे छिद्र) साफ करण्याची तार व ब्रश असे रकाने छापलेले असतात, आणि कोणाकडे काय कमी होते हे कारकुनाच्या हस्ताक्षरात दिसते. पुढे १८०८ मध्ये केंद्र सरकारने मिलिशियाला शस्त्रे पुरवण्यासाठी वर्षाला दोन लाख डॉलर मंजूर केले. त्यामुळे पदरमोड करून घेतलेल्या बंदुकांच्या जोडीला सरकारी ठेक्यातील बंदुकाही राज्यांकडे येऊ लागल्या.

बंदूक सोडून कागदच का जमवावेत, असे मला अनेकदा विचारले जाते. पहिले कारण कायद्याचे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या शस्त्राला सूट आहे, परंतु ते दुरुस्ती करूनही झाडता येणार नाही अशा अवस्थेत असले तरच. आणि संग्राहकाला हवी असलेली धड बंदूक नेमकी या अटीत बसत नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. १८४० च्या सुमारास टोपीच्या, म्हणजे गारगोटीऐवजी स्फोटक टोपीने बार उडवणाऱ्या, बंदुका आल्यावर चकमकीच्या हजारो बंदुका बदलून घेण्यात आल्या, आणि पुढे संग्राहकांची मागणी वाढल्यावर त्यांतील कित्येक बंदुकांना पुन्हा चकमकीचे रूप देण्यात आले. बुजवलेली छिद्रे, कानाजवळ धातूला डाग देऊन जोडल्याच्या खुणा आणि घोड्याचे नवे लोखंड ओळखायला सराव लागतो, आणि छायाचित्रावरून तर त्यांची खात्री जवळपास होतच नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये तपासलेल्या नळ्यांवर ‘पी’ आणि ‘एम’ ही अक्षरे, वर्ष आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरे ठोकलेली आढळतात. मात्र ती बंदूक कोणाच्या खांद्यावर होती हे नळी सांगत नाही. तपासणीचे पत्रक निदान त्या तुकडीतील माणसांची नावे तरी देते.

आता दुकानाच्या कामाबद्दल. मोडी कागदांवरची शाई बहुधा काजळाची असते आणि ती कागदाला इजा करत नाही. अमेरिकी पत्रकांवरची शाई मायफळ, हिराकस आणि डिंक यांपासून केलेली असते, आणि काळाच्या ओघात तिच्यातील आम्ल व लोह कागद खात जातात. माझ्या एका पत्रकात तर सहीच्या रेघांवरून कागद तुटू लागला होता. दुकानातील चाचांनी भिंगातून तो पाहिला आणि लगेच म्हणाले, “साहेब, याला आपली नेहमीची खळ चालायची नाही. ओल लागली की डाग पसरेल.” त्यांचे म्हणणे बरोबर होते, कारण पाण्याबरोबर या शाईतील लोह आजूबाजूच्या कोऱ्या कागदात उतरते. गव्हाच्या खळीऐवजी त्यांनी पातळ जपानी कागदावर जिलेटिनचा थर वाळवून घेतला आणि त्या पट्ट्या अगदी नाममात्र ओलाव्याने मागून चिकटवल्या. अक्षराची शाई कुठेही फुटून पसरलेली नाही, आणि उजेडासमोर धरल्याशिवाय जोड दिसत नाही. पूर्वीच्या कोणी तरी लावलेली चिकटपट्टीही त्यांनी काढली. तिचा तपकिरी डाग तसाच राहिला असला, तरी तो काढण्याच्या नादात कागद झिजवला नाही हे मी त्यांच्या समजुतीचेच लक्षण मानतो.

सगळेच मनासारखे झाले असे मात्र नाही. एका पत्रकाच्या मागे पावतीचा क्रमांक बॉलपेनने लिहिलेला आढळला, आणि ही चूक इतक्या जाणत्या दुकानात व्हायला नको होती. बहुधा ती मदतनीस मुलाच्या हातून झाली असावी. शिवाय कडा ‘सारख्या’ करून देण्याचा त्यांचा आग्रह असतो. वहीच्या बाबतीत तो ठीक असला, तरी अशा पत्रकाची मूळ हातकापी कड हा त्याच्या अस्सलपणाचा पुरावा असतो. कडा कापायच्या नाहीत आणि खुणा फक्त मऊ पेन्सिलीने करायच्या, हे काम देताना पावतीवरच लिहून घ्यावे.

वेष्टनासाठी त्यांनी दौलताबादजवळच्या कागजीपुरा गावाचा हातकागद सुचवला. तो देखणा आणि टिकाऊ आहे, पण मी तो बाहेरच्या आवरणासाठीच घेतला आणि पत्रकाला थेट लागून आम्लरहित कागद ठेवला. मजुरीचा दर दस्ताच्या किमतीवर न लावता फाटलेल्या भागाच्या लांबीवर लावतात, म्हणून महागड्या दस्ताचे काम देतानाही संकोच वाटत नाही. पावसाळ्यात वाळवण रेंगाळते आणि काम परत मिळायला फार उशीर होतो, त्यामुळे दिवाळीनंतर दिलेले बरे.