फ्रँकफर्टच्या तिकिटासोबत कार्बन क्रेडिट घ्यावं, की शेडवर सोलर बसवावं?

सोलापूरचे टॉवेल-चादरवाले दर जानेवारीत हाइमटेक्स्टिल या घरगुती कापडाच्या मेळ्यासाठी फ्रँकफर्टला जातात. इथे गड्ड्याची यात्रा भरते, नेमकं तेव्हाच. युरोपातले खरेदीदार आता मालाबरोबर कार्बनचंही विचारतात, त्यामुळे विमानप्रवासाची भरपाई कशी करायची हा प्रश्न कारखानदाराच्या टेबलावर आला आहे.

आधी आकडा. मुंबई-फ्रँकफर्ट जाऊन-येऊन साधारण 13 हजार किलोमीटर. इकॉनॉमीत माणशी एक ते दीड टन कार्बन डायऑक्साइड धरा. विमानामागच्या पांढऱ्या रेघांसारखे उंचीवरचे परिणामही मोजले, तर दोन-अडीच टन. बिझनेस क्लासची खुर्ची जागा जास्त अडवते, म्हणून तिच्या वाट्याला जवळपास तिप्पट. मुंबईपर्यंत विमानाऐवजी वंदे भारतने गेलात तर चांगलंच, पण या हिशेबात ती बचत चिल्लर आहे.

तिकीट काढताना कार्बन क्रेडिटचा, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी वाचवलेला एक टन पैसे देऊन आपल्या नावावर घेण्याचा पर्याय दिसतो. सोपा आणि स्वस्त, पण स्वस्त आहे म्हणूनच मला त्याची शंका येते. 2023 मध्ये पावसाळी जंगलं वाचवण्याच्या नावावर विकलेल्या क्रेडिटांवर पत्रकारांनी मोठं प्रश्नचिन्ह लावलं. क्रेडिटसाठी कमी लाकूड जाळणाऱ्या सुधारित चुलींचं वाटप ऐकायला किती छान वाटतं! पण 2024 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं की त्यांनी तपासलेल्या चूल-प्रकल्पांनी प्रत्यक्ष बचतीच्या सरासरी नऊ पट क्रेडिट घेतलं होतं. हवेतून कार्बन शोषून आइसलँडच्या खडकात गाडणारं तंत्र जास्त पक्कं आहे. मात्र टनामागे शेकडो डॉलर पडतात.

झाडं लावू म्हणाल, तर सोलापूरचा पाऊस आठवा. वाढलेलं झाड वर्षाला वीसेक किलो शोषतं. रोप पहिली काही वर्षं जवळजवळ काहीच नाही, आणि उन्हाळ्यात टँकरने पाणी घालायचं ते वेगळंच. नान्नजच्या माळावर तर लावूच नका, माळढोकाला मोकळं गवताळ रानच लागतं. सावलीसाठी लिंब लावा, विमानाच्या नावावर नको.

आता शेडवरचं सोलर. एक किलोवॉटचं पॅनेल इथल्या उन्हात वर्षाला साधारण 1,400 युनिट देतं. ग्रिडची वीज अजून बरीचशी कोळशाचीच (फताटेवाडीचा 1,320 मेगावॉटचा प्रकल्प काही लांब नाही), म्हणून युनिटमागे सुमारे 0.7 किलो, म्हणजे वर्षाला जवळपास एक टन वाचतो. मीटरवर दिसतो, कुणाच्या प्रमाणपत्रावर विसंबावं लागत नाही. अडचण एवढीच की बिल वाचतं म्हणून सोलर तुम्ही एरवीही बसवलंच असतं. मग त्याला प्रवासाची भरपाई म्हणणं हातचलाखी झाली. ती बचत विजेच्या खात्यात दाखवा, विमानाचा आकडा वेगळा राहू द्या.

तरीही पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर मी सोलरच निवडेन. कारण व्यापारी आहे: युरोपीय संघात सप्टेंबर 2026 पासून केवळ क्रेडिटांच्या जोरावर मालाला ‘कार्बनमुक्त’ म्हणून ग्राहकांपुढे मिरवता येणार नाही. विकत घेतलेली भरपाई टॉवेलच्या लेबलवर कामाची नाही. यंत्रमागाची वीज कुठून येते, हे मात्र सांगता येतं.

या सगळ्याच्या आधी माणसं कमी करा. चौघांऐवजी दोघे गेले आणि तेही इकॉनॉमीत, तर अर्धा आकडा तिथेच गळतो, शिवाय तिकिटाचे पैसे वाचतात. नेहमीच्या गिऱ्हाइकाला नमुने कुरियरने जातात, बोलणं व्हिडिओवर होतं. नव्या गिऱ्हाइकाला मात्र टॉवेल हातात घेऊनच बघायचा असतो. त्याच्यासाठी जा, आणि त्याच फेरीत युरोपातल्या बाकीच्या भेटी रेल्वेने उरका.

खरेदीदाराने आग्रहच धरला आणि क्रेडिट घ्यावंच लागलं, तर प्रकल्पाचं नाव, क्रेडिटचा अनुक्रमांक आणि ते तुमच्या नावावर कायमचं रद्द केल्याची, म्हणजे पुन्हा कुणाला विकता येणार नाही याची, नोंद मागा. एजंट नुसतं रंगीत प्रमाणपत्र पाठवत असेल, तर पैसे देऊ नका.