एक्स सोडायचा, क्वाड्रॅटिक लावायचं की आन्सर बटण दाबायचं?

वीक ॲसिडच्या द्रावणाचा पीएच काढताना आईस टेबल (सुरुवातीचं कॉन्सन्ट्रेशन, बदल आणि शेवटचं कॉन्सन्ट्रेशन यांचा तक्ता; किती ॲसिड तुटलं तो एक्स) मांडून झालं की पुढे तीन रस्ते असतात, कॉन्सन्ट्रेशन वजा एक्समधला एक्स लहान म्हणून सोडून द्या, क्वाड्रॅटिक लावा, नाहीतर कॅल्क्युलेटरवर तेच तेच फिरवत उत्तर जवळ आणा. जळगावात बीएस्सीच्या पोरांना मी तिन्ही शिकवतो, पण स्वतः सोडवायला बसलो की हात तिसऱ्याकडेच जातो.

एक्स सोडण्याला मी नावं ठेवणार नाही. ॲसिटिक ॲसिड घ्या, केए (ॲसिड किती तुटतं ते सांगणारा स्थिरांक) ०.००००१८, द्रावण ०.१ मोलर, केए गुणिले कॉन्सन्ट्रेशनचं सरळ रूट घेतलं तर पीएच २.८७ आणि क्वाड्रॅटिकने २.८८. एवढ्यासाठी कोण भांडतं भो, केए २५ डिग्रीचा दिलेला असतो आणि मे महिन्यात आपल्या लॅबमध्ये २५ डिग्री आणायचं कुठून. शिवाय सीईटी, नीटला कॅल्क्युलेटरच नसतो, तिथे हाच धरा.

माझं डोकं फिरतं ते पाच टक्क्यांच्या तपासणीवर. आधी गृहीत धरा, अख्खं सोडवा, मग शेवटी बघा की एक्स मूळ कॉन्सन्ट्रेशनच्या पाच टक्क्यांच्या आत आहे का, आणि नसला तर केलेलं सगळं खोडून पहिल्यापासून. क्लोरोॲसिटिकचा केए ०.००१४, द्रावण ०.०१ मोलर, रूट घेतलं की येतं ०.००३७४, म्हणजे ३७ टक्के! गेलं पान वाया. कॉन्सन्ट्रेशन भागिले केए ४०० च्या वर आहे का हे आधी बघता येतं म्हणा, पण खाली निघालं तर पुढे काय, याचं उत्तर त्यात नाही.

क्वाड्रॅटिकचं उत्तर पक्कं, त्यात वादच नाही. कॅल्क्युलेटरला इक्वेशन मोड असेल तर त्रासही नाही, पण बऱ्याच पोरांकडे कॅसिओचं ८२ एमएस असतं, त्यात तो मोड नाही, मग रूटच्या आतले कंस आणि शून्यं मोजत बसा.

तिसऱ्यात ते वाया गेलेलं ०.००३७४ च कामाला येतं, म्हणून मला तो आवडतो. शून्य टाकून इक्वल दाबा, मग रूटमध्ये ०.००१४ गुणिले कंसात ०.०१ वजा आन्सर (या बटणात आधीचं उत्तर असतं), आणि नुसतं इक्वल दाबत राहा. ०.००३७४, ०.००२९६, ०.००३१४, ०.००३१०, ०.००३११, एकदा वर एकदा खाली करत आकडा जागेवर बसतो, आणि क्वाड्रॅटिकनेही ०.००३११ च येतं. तपासणी वेगळी करायची गरज नाही, आकडा हलायचा थांबला की झालं. ८२ एमएसवरही चालतं.

आता एक अडचण आहे, केए कॉन्सन्ट्रेशनपेक्षा मोठा असला तर हे फसतं. तेच क्लोरोॲसिटिक ०.००१ मोलर घेऊन बघा, पहिलाच आकडा ०.००११८, मूळ कॉन्सन्ट्रेशनपेक्षा जास्त, त्यामुळे पुढच्या इक्वलला रूटमध्ये मायनस आणि स्क्रीनवर मॅथ एरर. तिथे गुपचूप क्वाड्रॅटिक लावायचं, उत्तर ०.०००६७५ येईल.