थ्रेट मॉडेलमधली गृहीतकं कुठे नोंदवायची? शीट, आकृतीचं टूल की गिटमधली फाइल

प्रत्येक सर्व्हिसचं वेगळं थ्रेट मॉडेल (तिच्यावर कुठले हल्ले होऊ शकतात आणि ते कसे रोखायचे याची नोंद) आणि प्रत्येकाच्या शेवटी 'गृहीतकं', म्हणजे खरं धरून चाललेल्या गोष्टी, नावाचा परिच्छेद, असं बऱ्याच ठिकाणी असतं. सुटं वाचलं तर प्रत्येक मॉडेल बिनचूक वाटतं. पाणी मुरतं ते दोन मॉडेलांच्या मध्ये.

समजा, ऑर्डर सर्व्हिसच्या मॉडेलमध्ये लिहिलंय की टोकन (युजरच्या लॉगिनचा डिजिटल पुरावा) गेटवे, म्हणजे बाहेरच्या विनंत्या आधी जिथे येतात तो सर्व्हर, तपासतो आणि युजर कोण हे विनंतीसोबत जाणाऱ्या 'एक्स-युजर-आयडी' हेडरवरून कळतं. हे खरं राहायचं तर बाहेरून आलेला त्या नावाचा हेडर गेटवेने काढून टाकला पाहिजे, टोकनची सही, मुदत आणि ऑडियन्स (ते कुणासाठी दिलंय) तपासूनच स्वतःचा हेडर घातला पाहिजे, आणि गेटवे टाळून ऑर्डर सर्व्हिसपर्यंत पोचायची दुसरी वाट असता कामा नये. पहिल्या दोन गोष्टी गेटवे टीमच्या हातात, तिसरी प्लॅटफॉर्म टीमच्या. मग रिपोर्टच्या जॉबसाठी कुणीतरी इंटर्नल लोड बॅलन्सर उघडतं, म्हणजे गेटवे टाळून ऑर्डर सर्व्हिसपर्यंत जायची आतली वाट. दोन्ही मॉडेलांत एक अक्षर बदललेलं नसतं, पण आतल्या नेटवर्कवरचा कुणीही आता दुसऱ्याच्या नावाने ऑर्डर वाचू शकतो.

तेव्हा साधन निवडताना आधी बघायचं ते हे की गृहीतक पाळायची जबाबदारी कुणावर आहे ते त्यात नोंदवता येतं का, आणि तिकडे काही बदललं तर इकडे कळतं का. आकृती देखणी येते की नाही, हे नंतर.

शीट सगळ्यात स्वस्त. क्रमांक, कुणी धरलं, कुणी पाळायचं, पुरावा, शेवटची तपासणी, मोडल्यास उघडे पडणारे धोके, एवढे सहा कॉलम पुरतात. चार-पाच सिस्टिम असतील आणि एक माणूस मागे लागणारा असेल तर खुशाल शीटच ठेवा. ती बिघडते पुराव्याच्या कॉलममध्ये. तिथे 'टीमशी बोलणं झालं' असं येऊ लागलं की समजायचं.

मायक्रोसॉफ्टचं थ्रेट मॉडेलिंग टूल फक्त विंडोजवर चालतं. ते आकृतीतल्या बाणांवरून धोके काढून देतं, त्यातले पुष्कळ 'लागू नाही' म्हणून बंद केले जातात, आणि त्यांच्या कारणांच्या रकान्यातच खरी गृहीतकं दडून बसतात. ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचं थ्रेट ड्रॅगन ब्राउझरमध्येही चालतं आणि मॉडेल जेसन या मजकुरी फॉरमॅटमध्ये ठेवतं, म्हणून गिटला (फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) बरं. पण दोन्हींत शेजारची सिस्टिम म्हणजे नुसता एक चौकोन. त्या सिस्टिमच्या स्वतःच्या मॉडेलशी त्याचा काही संबंध नसतो.

एडब्ल्यूएसचं थ्रेट कंपोझर इथे उजवं. त्यात गृहीतक ही वेगळी नोंद असते आणि ती धोक्यांना व उपायांना जोडता येते, त्यामुळे एक गृहीतक मोडलं तर काय काय उघडं पडतं ते लगेच दिसतं. एकाच सिस्टिमसाठी आमची शिफारस हीच. ऑनलाइन डेमो वापरत असाल तर डेटा ब्राउझरमध्येच राहतो, म्हणून जेसन एक्स्पोर्ट करून रेपोत (गिटमधल्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये) टाका.

सिस्टिम आठ-दहाच्या वर गेल्या की मात्र गिटमधली यामल (माणसाला सहज वाचता येणारा मजकुरी फॉरमॅट) फाइलच कामाची. थ्रेजाइल हे टूल यामलवरच चालतं आणि त्याच्या रिस्क ट्रॅकिंगमध्ये स्थिती, कारण, तिकीट, तारीख, कुणी तपासलं हे सगळं मावतं. पायटीएम (pytm) या दुसऱ्या टूलमध्ये मॉडेल पायथनमध्ये लिहायचं. सिस्टिमांमधली जोडणी मात्र आपली आपणच करायची. प्रत्येक रेपोत एक छोटी फाइल ठेवा, तिच्यात दोन याद्या: 'आम्ही धरून चाललोय' आणि 'आम्ही हमी देतो'. रोज रात्री एका जॉबने सगळ्या फाइली गोळा करायच्या. हमीशिवायचं गृहीतक, टेस्टशिवायची हमी आणि १८० दिवसांत न तपासलेली नोंद सापडली की जॉब फेल. हमी बदलली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या टीमना तिकीट गेलं पाहिजे, साखळीत दोन-तीन पायऱ्या लांब असलेल्यांनाही.

सगळ्या फाइली एकाच रेपोत ठेवल्या तर तपासणी सोपी होते, पण कोड बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मंजुरीसाठी मांडतात तिथे) ती फाइल दिसतच नाही. म्हणून ती कोडशेजारीच बरी.

'गेटवे सुरक्षित आहे' ही हमी नव्हे, तिची टेस्ट लिहिता येत नाही. 'बाहेरून पाठवलेला एक्स-युजर-आयडी सर्व्हिसपर्यंत पोचत नाही' ही हमी. कर्ल या कमांडने खोटा हेडर घालून विनंती पाठवली की निकाल लागतो. बाहेरच्या व्हेंडरच्या नावाचीही फाइल आपल्याच रेपोत ठेवा आणि त्याच्या बदलांच्या नोटा कोण वाचणार, त्या माणसाचं नाव तिच्यात लिहा.

स्क्रिप्टला वर्तुळं शोधायलाही सांगा. अ म्हणतो इनपुट ब तपासतो, ब म्हणतो अ कडून तपासूनच येतं. असं वर्तुळ सापडलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते सोडवा, कारण ती तपासणी कुठेच होत नसते.