हम्प्स लायब्ररी: येताना ठीक, जाताना सांभाळून

नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे पट्ट्यात रिॲक्टचा फ्रंटएंड (वापरणाऱ्याला दिसणारा भाग) एका टीमकडे आणि पायथनमधल्या जँगोची एपीआय (सर्व्हरशी माहितीची देवाणघेवाण करणारा भाग) दुसरीकडे, ही मांडणी नेहमीची. पायथनवाले फील्डची नावं अंडरस्कोर घालून लिहितात, जावास्क्रिप्टवाल्यांना कॅमलकेस (अंडरस्कोरऐवजी पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल) हवं. हम्प्स ही जावास्क्रिप्ट लायब्ररी हा फरक एका जागी मिटवते: रिस्पॉन्ससाठी 'कॅमलाइझकीज', रिक्वेस्टसाठी 'डीकॅमलाइझकीज'. आतल्या ऑब्जेक्ट-ॲरेपर्यंत ती आपणहून पोचते. कॅमलकेस-कीज या दुसऱ्या लायब्ररीत त्यासाठी 'डीप' पर्याय चालू करावा लागतो.

रिक्वेस्ट पाठवायला ॲक्सिऑस लायब्ररी असेल तर हम्प्स तिच्या इंटरसेप्टरमध्येच (प्रत्येक रिक्वेस्ट-रिस्पॉन्स ज्यातून जातो ते फंक्शन) बसवा. बॉडीबरोबर 'पॅराम्स'ही (यूआरएलमधल्या क्वेरीतली नावं) बदला, नाहीतर क्वेरीतला 'पेजसाइझ' सर्व्हरला ओळखू येत नाही आणि तो मुकाट्याने ठरलेलंच पान पाठवतो. एरर हँडलरमध्येही रूपांतर हवंच. ४०० (चुकीच्या रिक्वेस्टचा एरर कोड) आल्यावर यशाचा इंटरसेप्टर चालत नाही, आणि मग फॉर्ममधल्या चुका योग्य रकान्याखाली दिसत नाहीत. हे बहुतेक जण विसरतात.

खरी अडचण परत पाठवताना. 'ॲड्रेस_लाइन_१' येताना आकड्यामागचा अंडरस्कोर गमावतं आणि जाताना 'ॲड्रेस_लाइन१' होतं. जँगो रेस्ट फ्रेमवर्कचा सीरियलायझर (आलेली माहिती तपासणारा भाग) अनोळखी फील्ड तक्रार न करता सोडून देतो, त्यामुळे फील्ड ऐच्छिक असेल तर पत्ता जतन झालाच नाही हे ग्राहकाकडूनच कळतं. हम्प्सच्या 'स्प्लिट' पर्यायातल्या रेजेक्समध्ये (शब्द कुठे तोडायचा ते सांगणारा नमुना) कॅपिटल अक्षरांसोबत ०-९ घातले की हे सुटतं, पण 'लाइन_१०'चं मग 'लाइन_१_०' होतं. आयडीची दोन्ही अक्षरं कॅपिटल लिहिलीत तर सर्व्हरकडे 'यूजर_आय_डी' जातं. फक्त पहिलं अक्षर कॅपिटल, हा नियम लिंटरमध्येच (कोडमधल्या चुका आपोआप दाखवणारं साधन) घाला.

फॉर्मडेटा (फाइल पाठवायचं ब्राउझरचं ऑब्जेक्ट) हम्प्सच्या हाती कधीच देऊ नका. रिकामं ऑब्जेक्ट परत येतं आणि फाइल अपलोड बंद पडतं.

आणखी एक गोष्ट. ठाण्यातल्या प्रभाग समित्यांनुसार ऑर्डर मोजणाऱ्या रिस्पॉन्समध्ये 'नौपाडा_कोपरी' अशी की (फील्डचं नाव) असेल, तर ती की म्हणजेच माहिती आहे. ती बदलली की मास्टर यादीशी जुळत नाही. हम्प्सला दिलेल्या 'प्रोसेस' फंक्शनने अशा की वगळता येतात, पण त्याला कीचं नाव कळतं, ती कुठल्या ऑब्जेक्टमध्ये आहे ते नाही. इथे कॅमलकेस-कीजचा 'स्टॉपपाथ्स' (कुठल्या जागेच्या आत बदल करायचा नाही ते सांगणारा पर्याय) नक्कीच सरस. त्याहून बरं म्हणजे बॅकएंडकडून ॲरे मागा आणि प्रभागाचा कोड व्हॅल्यूमध्ये घ्या. व्हॅल्यूंना दोन्ही लायब्ररी हात लावत नाहीत.

फक्त वाचायच्या डॅशबोर्डसाठी हम्प्स बिनधास्त घ्या. मोठे फॉर्म असतील तर प्रत्येक पेलोड (पाठवलेली माहिती) जाऊन-येऊन तसाच राहतो का, याची टेस्ट आधी लिहा.