काजू कारखान्याचे हजेरीपत्रक आणि कुडाळचे सल्लागार: एक अनुभव

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या काजू प्रक्रिया कारखान्यात हंगामात 42 कामगार असतात, त्यांपैकी बहुतेक सोलणीच्या बायका. 2023 च्या जूनमध्ये कारखाना निरीक्षकांच्या तपासणीची सूचना आली, तेव्हा कामाच्या तासांच्या नोंदी तयार करून घेण्यासाठी आम्ही कुडाळमधील एका श्रम सल्लागार कार्यालयाकडे गेलो.

आमचे मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, दिसायला सुबक होते. प्रत्येकीची वेळ सकाळी 9 ते सायंकाळी 6, आणि रविवारी सर्वांना सुटी. कार्यालयातील बाईंनी ते चाळून बाजूला ठेवले आणि मुकादमाची वजनाची वही मागितली. सोलणीची मजुरी किलोवर असल्यामुळे त्या वहीत रोजचे वजन नावानिशी होते, आणि मे महिन्यातल्या ज्या तीन रविवारी मस्टरमध्ये सुटी होती, त्याच दिवशी वहीत काजूगराची वजने लिहिलेली होती. पावसाच्या आत माल उरकण्याची ती घाई होती, हे सांगायची आम्हालाच लाज वाटली.

तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमानुसार साप्ताहिक सुटी लगतच्या 3 दिवसांत बदलून देता येत असे, परंतु त्यासाठी निरीक्षकांना आधी कळवावे लागे व कारखान्यात तशी सूचना लावावी लागे. मागची तारीख घालून तो कागद करून द्यावा, ही आमची विनंती सल्लागार बाईंनी सरळ नाकारली. वजनाची वही, फाटकावरची नोंद आणि बायकांना विचारून त्यांनी दोन महिन्यांची खरी हजेरी नव्याने मांडली. किलोवर मजुरी घेणाऱ्यांना ओव्हरटाइम नसतो, हा आमचा समजही तिथेच गेला: त्या अधिनियमात दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांपुढील कामाला दुप्पट दर लागत असे, आणि तो दर आदल्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या सरासरी कमाईवरून काढत. थकबाकीचा आकडा बघून आमचे भागीदार दोन दिवस बोलले नाहीत.

दुपारी घरी जेवायला जाणाऱ्या बायकांचा प्रश्न निराळा होता. त्या सकाळी 8 ला येतात आणि मधली सुटी मोठी घेतात, त्यामुळे विश्रांती धरून तेव्हाची साडेदहा तासांची मर्यादा सायंकाळी साडेसहालाच संपत होती; त्यापुढे त्यांना कामावर थांबवणे बंद करावे, असे सल्लागार बाईंनी लेखी दिले. बोटांचे ठसे घेणारे यंत्र विकण्याचा मोह त्यांनी टाळला, हे विशेष. टरफलातल्या तेलाने आमच्या बायकांची बोटे सोलवटतात आणि यंत्र निम्म्याजणींना ओळखतच नाही. त्याऐवजी येण्याजाण्याच्या वेळेपुढे सही घेणारे साधे रजिस्टर त्यांनी आखून दिले.

निरीक्षकांनी आल्यावर पहिल्यांदा वजनाचीच वही मागितली. रविवारच्या कामाची त्रुटी त्यांनी शेऱ्यात नोंदवली, थकबाकी दिल्याच्या पावत्या तपासल्या आणि मस्टरबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

उणिवाही आहेत. काम आठवड्यात होईल असे सांगून तीन आठवडे लागले. चतुर्थीच्या दिवसांत फोन कोणी उचलत नाही, आणि नेमके तेव्हाच हजेरीचे सर्वाधिक घोळ होतात. शिवाय रजिस्टरचे रकाने इंग्रजीत असल्याने मुकादमाला प्रत्येक वेळी कोणाला तरी विचारावे लागते. मराठीत छापून देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. अजून हाती आलेले नाही.