मलबार हिल, पाली हिल, हिंदू कॉलनी: व्हीलचेअर ढकलत काढलेले अकरा महिने

सोलापुरातून घरगुती रुग्णसेवेच्या कामाला मुंबईला जाणाऱ्या मुली मला फोन करतात आणि पहिला प्रश्न हाच असतो: "ताई, कुठला एरिया चांगला?" पगार, सुट्टी, जेवण हे सगळं काम मिळवून देणारे ब्युरोवाले सांगतात, पण एरियाबद्दल कुणी बोलत नाही. चोवीस तासांच्या ड्युटीत आपण पेशंटच्याच घरी राहतो, तेव्हा तो एरिया आपलाही होतो. म्हणून सविस्तर लिहिते.

मी जीएनएम, म्हणजे डिप्लोमा केलेली नर्स. नोव्हेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या काळात तीन घरी राहिले: पाच महिने मलबार हिल, अडीच महिने वांद्र्याची पाली हिल आणि शेवटी दादरची हिंदू कॉलनी. तिन्ही ठिकाणच्या घरांच्या किमती आपल्याकडच्या माणसाने ऐकल्या तर पुन्हा विचारेल, नीट ऐकलं ना म्हणून. माझे तिन्ही पेशंट व्हीलचेअरवर होते. त्यामुळे मी हे भाग चाकाच्या उंचीवरून पाहिले आणि मला तीच मोजपट्टी खरी वाटते.

ज्यांनी व्हीलचेअर ढकललेली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगते. मागची चाकं मोठी असतात, ती बरंचसं सहन करतात. पुढची दोन वितभर असतात आणि सगळा घोटाळा तीच करतात. पेव्हर ब्लॉकमध्ये दोन बोटांची फट असली की पुढचं चाक आडवं होऊन तीत बसतं, खुर्ची जागीच थांबते आणि माणूस पुढे झुकतो. कड आली की मागच्या नळीवर पाय देऊन पुढची चाकं उचलायची, कडेवर टेकवायची, मग मांडीचा जोर लावून मागची चढवायची. उतारावर खुर्ची नेहमी उलटी न्यायची, म्हणजे आपण उताराकडे पाठ करून पुढे आणि पेशंटची पाठ आपल्याकडे. हे शिकल्याशिवाय मलबार हिलला जाऊ नका.

मलबार हिलचं घर रिज रोडला होतं, आताचा बी. जी. खेर मार्ग. पेशंट चौऱ्याऐंशी वर्षांच्या, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. घरात सगळे त्यांना बा म्हणत, मीही बा म्हणायला लागले. टेकडीच्या माथ्यावर झाडी दाट, हॉर्न जवळजवळ नाहीत, सकाळी पक्षी ऐकू येतात. मुंबईत इतकी शांतता असते हे मला माहीत नव्हतं. रोज सहाला आम्ही निघायचो. हँगिंग गार्डन, तिथून समोरच्या कमला नेहरू पार्कात, म्हातारीच्या बुटापाशी, म्हणजे बुटाच्या आकाराच्या घरापाशी. पार्काच्या कडेवरून मरीन ड्राइव्हचं पूर्ण वळण दिसतं. बांना ते रोज बघायचं असायचं आणि रोज त्या मोजायच्या, आज पाण्यात किती बोटी आहेत.

हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशाह मेहता उद्यान, हे पाण्याच्या टाकीवर आहे, हे मला बांनीच सांगितलं. इंग्रजांच्या काळात, १८८०च्या सुमारास, टेकडीवर जलाशय बांधला आणि त्यावर माती टाकून बाग केली. दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागाला तिथून पाणी जातं. ते ऐकल्यावर मी काही वेळ हललेच नाही. माझं घर जुळे सोलापुरात. उजनी भरून वाहत असलं तरी आमच्या नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं. पाणी येण्याच्या दिवशी ड्युटी बदलून घेतलेल्या बायका मी पाहिल्यात, मी स्वतः घेतलीय. आणि इथे मी पाण्यावर उभी होते, हिरवळीवर. मुंबईचं पाणीही लांबूनच येतं, ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांतल्या धरणांतून, साधारण शंभर किलोमीटरवरून. उजनी आपल्याला त्याहून काही फार लांब नाही.

ही जुनी टाकी पाडून नवी बांधायचा महापालिकेचा बेत होता. त्यात शेकडो झाडं जाणार होती. रहिवासी एकत्र आले, तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि बेत मागे पडला. यावरून त्या भागातल्या लोकांना कुणी नावं ठेवू नये. झाडं त्यांनी वाचवली ती सगळ्यांची आहेत, बागेत तिकीट नाही, मीही तिथे रोज बसले. मला वाटतं ते एवढंच: पाणी कधी येणार हे विचारणारा आमच्या गल्लीचा अर्ज इतक्या लवकर कुणी वाचला असता तर किती बरं झालं असतं.

मलबार हिलची वाईट बाजू म्हणजे उतार. माथा सोडला की तीनबत्तीकडे किंवा वाळकेश्वराकडे एकट्या माणसाने खुर्ची नेऊ नये. बाणगंगेला तर पायऱ्याच आहेत. समुद्र हाकेच्या अंतरावर असून कुंडात गोडं पाणी, भोवती देवळं, दीपमाळा. आम्ही टॅक्सीने गेलो, पायऱ्यांच्या वर थांबलो आणि मी खाली उतरून तांब्याभर पाणी बांच्या हातावर घातलं. मला त्या वेळी आमच्या सिद्धेश्वर तलावाचा घाट आठवला.

दुसरी वाईट बाजू लिफ्टची. आमच्या इमारतीत बांसोबत असले की मोठी लिफ्ट, एकटी असले की कामगारांची. औषध आणायला खाली गेले की परत येताना मागच्या बाजूने यायचं. एकदा रात्री बांची साखर खाली गेली होती, मी ग्लुकोज घेऊन धावत आले आणि वॉचमनने मागच्या लिफ्टकडे बोट दाखवलं. ती सातव्या मजल्यावर अडकलेली. मी जिने चढून गेले, अकरा मजले. बांच्या मुलाला सकाळी सांगितलं तर त्याने सोसायटीशी भांडण केलं आणि त्या दिवसापासून नर्ससाठी नियम बदलला. हे घरच्यांना सांगायला घाबरू नका. त्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं.

जेवणाचं आधी विचारून घ्या. या भागात बरीच घरं जैन, गुजराती. कांदा, लसूण, अंडं काही नाही. मी नेलेल्या शेंगा चटणीत लसूण, म्हणून डबा बॅगेतच राहिला. बांना मात्र वासावरून कळलं होतं. संक्रांतीला त्या म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या गावची चटणी आम्हाला चालेल अशी करता येते का?" मी शेंगा खरपूस भाजल्या, साल काढलं, लसणाऐवजी थोडं जिरं घेतलं आणि खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटल्या. कडक भाकरी सोलापूरहून आलेली होतीच, तुकडे करून दिले. दात नसलेल्या माणसाने कडक भाकरी खायची म्हणजे दुधात भिजवून. त्यांनी तशीच खाल्ली, चटणी वरून.

पाली हिलबद्दल कमी लिहिते, कारण तिथे माझं मन रमलं नाही. पेशंट गोव्याकडचे अंकल, पार्किन्सनचे. माणूस अतिशय सज्जन. पण टेकडीवर जिथे बघाल तिथे जुने बंगले पाडून टॉवर चाललेले. सकाळी आठला ड्रिलिंग सुरू. पार्किन्सनच्या पेशंटची झोप आधीच कच्ची, त्यात हे. फूटपाथवर दुचाकी शिरू नये म्हणून लोखंडी खांब रोवलेत, दोन खांबांमधून खुर्ची जात नाही. म्हणून आम्ही रस्त्यावरून चालायचो आणि मागून गाड्या.

कार्टर रोडला पोचलं की मात्र सगळं मिटतं. समुद्राकडेचा रस्ता रुंद, सपाट, बसायला बाकं, एका टोकाला खारफुटी. अंकल पावाचा तुकडा चहात बुडवत तासभर बसायचे. आणि वांद्र्याला रिक्षा आहेत! घडी केलेली खुर्ची रिक्षात पायांपुढे आडवी बसते. वांद्र्याच्या खाली, मूळ शहरात, रिक्षा नाहीत. काळीपिवळी टॅक्सी घ्यावी लागते आणि तिच्या डिकीत सीएनजीचा सिलिंडर, म्हणून खुर्ची टपावरच्या कॅरियरवर बांधायची. जवळ नेहमी दोन मीटर सुती दोरी ठेवा. २०२५ ला पाऊस २६ मेलाच आला, त्या दिवशी मी टपावर भिजलेली खुर्ची टॉवेलने पुसत होते.

आता हिंदू कॉलनी. तिन्हींत मला सगळ्यात आवडलेला भाग हाच आणि मी कारण सांगते. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबई सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दादर, माटुंगा, वडाळा हा पट्टा त्यांनी आधी कागदावर आखून मग वसवला. गल्ल्या सरळ, जमीन सपाट, दोन्ही बाजूंना झाडं, इमारती बुटक्या. शेजारी पारशी कॉलनी आणि पाच उद्यानं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी चालणाऱ्या माणसाचा विचार केला होता हे खुर्ची ढकलताना हाताला कळतं. मनगटं दुखायची थांबली. नाना, माझे पेशंट, निवृत्त प्राध्यापक, अर्धांगवायू झालेला. पाच उद्यानांना चक्कर मारताना ते डाव्या हाताने मला झाडं दाखवायचे आणि नाव आठवलं नाही की रागवायचे, स्वतःवर.

पाचव्या गल्लीत राजगृह आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकात बांधलेलं. पुस्तकांसाठी बांधलेलं घर म्हणतात त्याला, पन्नास हजारांच्या वर ग्रंथ होते. आम्ही त्यावरून रोज जायचो. नाना तिथे खुर्ची थांबवायला लावायचे. बोलायचे काही नाहीत. मग हाताने खूण करायचे, चला.

दादरला शहाळं वीस रुपयांनी स्वस्त, भाजी स्वस्त, मराठी बोलत दिवस जातो. इस्त्रीवाला, दूधवाला, खालच्या मजल्यावरच्या काकू सगळे नानांना नावाने विचारतात. संध्याकाळी बाकावर बसलं तर कुणी "कोणाकडे आलात?" असं विचारत नाही. मलबार हिलच्या बागेतही विचारत नव्हते, पण इमारतीच्या दारात पाऊल ठेवलं की वही, सही, फोन. इथे वॉचमन होता, तो हात दाखवायचा.

एवढं चांगलं सांगितल्यावर दोषही सांगायला हवा, आणि तो मोठा आहे. जुन्या इमारतींत लिफ्ट नाही. नाना दुसऱ्या मजल्यावर. मुंबईतले सगळ्यात चांगले फूटपाथ दाराशी आणि दारापर्यंत पोचायला चौतीस पायऱ्या. रोज सकाळी वॉचमन, इस्त्रीवाल्याचा मुलगा आणि मी अशी तिघं मिळून खुर्ची उतरवायचो, संध्याकाळी चढवायचो. मुलगा आजारी पडला की नाना खिडकीत. ऑगस्टच्या मुसळधार पावसात जवळच्या हिंदमाता चौकाकडे पाणी भरतं हे सगळ्यांना माहीत असतं, आता तिथे जमिनीखाली मोठ्या टाक्या केल्यात, तरी १९ ऑगस्टच्या सुमारास आम्ही तीन दिवस खाली गेलो नाही. त्या तीन दिवसांत नाना जितके खचले तितके आजाराने खचले नव्हते. पुनर्विकास होतोय, लिफ्ट येतील. ती झाडं आणि ते रुंद फूटपाथही राहोत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तर मुलींनो, पेशंट चालता असेल आणि शांतता हवी असेल तर मलबार हिल. एकट्याने रिक्षाने हिंडायचं असेल तर वांद्रे. खुर्ची असेल तर हिंदू कॉलनी किंवा पारशी कॉलनी, पण काम घेण्याआधी दोन प्रश्न विचारा: कितवा मजला, लिफ्ट आहे का. दादर पश्चिमेला शिवाजी पार्कचा कट्टाही तसाच सपाट आहे, सुट्टीच्या दिवशी मी तिथे जाऊन बसायचे.

कोजागरीच्या आधी मी परत आले. पहाटे सिद्धेश्वर एक्सप्रेसमधून उतरले तेव्हा हवा कोरडी होती, अकरा महिन्यांनी घाम आला नाही. घरी आप्पा खाटेवर होते. माझे वडील, गिरणीत तीस वर्षं काम केलेले, गुडघे गेलेले. दोन वर्षांत ते अंगणाच्या पुढे गेले नव्हते. घराला तीन पायऱ्या, त्यामुळे. मी परक्या घरच्या तीन माणसांना रोज सकाळी बाहेर नेलं होतं आणि आप्पांना एकदाही नाही, हे मला त्या पायऱ्यांसमोर बॅग घेऊन उभी असताना समजलं.

गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, पायऱ्यांवर सिमेंट ओतून उतार करून देतो, दोन तासांचं काम. मी नाही म्हटलं. एक इंच चढाला एक फूट लांबी लागते, हे मी मुंबईत शिकले. आमच्या तीन पायऱ्या अठरा इंच, म्हणजे अठरा फूट. अंगण चौदा फुटांचं. मग नऊ फूट चढ, पाच फूट सपाट वळण, परत नऊ फूट. चुन्याने आखून बघितलं तर तुळशीवृंदावन मध्ये येतं, दीड हात सरकवावं लागणार. आईला वाटत होतं तुळस हलवू नये. आप्पा खाटेवरून म्हणाले, "सरकव की. तिलाबी तिकडं ऊन चांगलं लागतंय."

सोमवारी वाळू येणार आहे. पाणी या वेळी रविवारी येणार, म्हणून ते आधीच भरून ठेवायचंय.